तारखेचा कोपरा

आधी दिवस नोंदवतो, माणसे नंतर. घटस्थापनेच्या दिवशी आमच्या शाळेच्या मैदानावरचे हॉकीचे दोन्ही गोल उखडण्यात आले. कारण, गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा मंडप. दिवाळीच्या पाडव्याला प्रदर्शन संपले. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मंडप निघाला, खड्डे राहिले आणि फाटकाला कुलूप लागले. संक्रांतीला शाळेच्या संस्थेकडून "दोन दिवसांत लावतो" असे तोंडी आश्वासन मिळाले. महाशिवरात्रीला तेच आश्वासन मिळाले. शब्दही बदलण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. होळीच्या आदल्या दिवशी पहाटे याकूब सर गेले. आता त्यांचा चाळिसावाही होऊन गेला आहे आणि गोलांच्या जागी अजून खड्डेच आहेत.

आता माणसे. पहिले, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव, ज्यांच्या सहीने मैदान प्रदर्शनाला दिले गेले. दुसरा, मंडपाचा ठेकेदार, ज्याने खांब उपटून नेले. तिसरे, सरकारी कचेरीतले ते अधिकारी, ज्यांनी माझ्या प्रत्येक पत्रावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून ते शेजारच्या टेबलाकडे सरकवले. या तिघांपैकी एकाचे नाव मी हा लेख संपण्यापूर्वी वगळणार आहे. का, ते त्या ठिकाणी सांगेन.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो, सरांच्या मृत्यूला मी कोणालाही जबाबदार धरत नाही. नव्वदी ओलांडलेला माणूस झोपेत गेला, त्याबद्दल तक्रार कोणाकडे आणि कोणत्या कलमाखाली करायची? मी जबाबदार धरतो ते एवढ्यासाठीच की, ज्या माणसाने या शहरातल्या तीन पिढ्यांना चेंडू गोलात नेमका कुठे मारावा हे शिकवले, त्याला शेवटचे काही महिने गोलाशिवाय शिकवावे लागले.

त्या सकाळी फोन ऋतुजाचा आला. ऋतुजा म्हणजे शाळेच्या मुलींच्या हॉकी संघाची कर्णधार. चितेगावहून रोज बसने येते, वडील तिथल्याच एका कारखान्यात आहेत. एरवी ती फोनवर भरभर बोलते. त्या दिवशी फक्त म्हणाली, "वकील आजोबा, सर आज उठले नाहीत..." मग तिने विचारले की, संध्याकाळचा सराव ठेवायचा की नाही. मी म्हणालो, सरांना विचार. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले. तिच्याही आले असावे. ती म्हणाली, "मग ठेवते."

मी सिल्लोडकडचा. आमच्या घरात कापूस आणि मका यांखेरीज तिसऱ्या विषयावर बोलणे होत नसे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दशकात शहरातल्या उर्दू शाळांमधून एकेक मराठी वर्ग उघडू लागला, तेव्हा वडिलांनी मला तेव्हाच्या औरंगाबादेत बोर्डिंगात आणून ठेवले. याकूब सर आमचे व्यायामशिक्षक होते. ते त्याच शाळेत उर्दूतून शिकलेले, आमच्यापेक्षा जेमतेम दहा-बारा वर्षांनी मोठे. नोकरी टिकवायची तर मराठीची परीक्षा द्यावी लागणार होती. त्यामुळे मधल्या सुट्टीत ते चौथीचे मराठी पुस्तक घेऊन कडुनिंबाखाली बसत आणि आमच्यापैकी जो जवळून जाईल त्याला पकडून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारत. मैदानावर आम्हाला ओरडणारा माणूस सुट्टीत आमच्याकडून "ळ" म्हणायला शिकत असे. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण "ळ" येईपर्यंत सोडायचे नाहीत.

शाळेचे माध्यम बदलत होते, तसे सामानही बदलत होते. चित्रकलेच्या दालनात एक लांबलचक लाकडी फळा होता. त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगाने उर्दूत दोन शब्द कायमचे रंगवलेले होते. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून उजव्या कोपऱ्यात "तारीख" आणि डाव्या कोपऱ्यात "जमात", म्हणजे इयत्ता. मराठी वर्गांना तो नको होता. तो अडगळीत निघाला तेव्हा सरांनी सुताराकडून तो आडवा चिरून घेतला आणि त्याच्या दोन पट्ट्या दोन्ही गोलांच्या आत, तळाशी, जाळीसमोर उभ्या केल्या. हॉकीच्या गोलात अशी गुडघाभर उंचीची फळी लागते. चेंडू तिच्यावर आदळला की जो आवाज येतो, तो ऐकण्यासाठी हॉकीपटू आयुष्यभर धावतो. शब्द रंगवलेली वरची पट्टी वेलींच्या कुंपणाकडच्या गोलाला लागली आणि आमचा सगळा सराव त्याच गोलावर होऊ लागला.

पहिल्याच वर्षी लष्करी छावणीतल्या मुलांच्या संघाने आम्हाला हरवले. हरण्याचे दुःख नव्हते. दुःख याचे होते की सगळा वेळ चेंडू आमच्याकडे होता. आम्ही मारत होतो आणि त्यांचा गोलकीपर जागचा फारसा न हलता पॅडवर घेत होता. आमच्यात सर्वांत जोरात मारणारा किसन. तो सोयगावकडच्या मेंढपाळ घरातला. चालायला लागला तेव्हापासून हातात काठी असलेला. त्याचा फटका इतका सणसणीत असे की समोरचे बचावपटू आपोआप बाजूला होत. तरीही त्या दिवशी त्याला एकही गोल करता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी बादलीभर चुना कालवून आणला. प्रत्येक चेंडू चुन्यात बुडवायचा आणि मारायचा, एवढेच सांगितले. गोलात बोर्डिंगच्या स्वयंपाक्याला पॅड बांधून उभे केले. तो बिचारा मुख्यतः स्वतःला वाचवत होता, त्यामुळे पुष्कळ चेंडू आत गेले. सगळ्यांचे मारून झाल्यावर सरांनी त्याला बाजूला केले आणि आम्हाला फळी दाखवली. काळ्या फळीच्या मधोमध, जिथे तो उभा होता नेमके तिथे, पातेले कलंडून दूध सांडावे तसा पांढरा थर जमला होता. दोन्ही कोपरे काळेभोर, तारीख आणि जमात दोन्ही स्वच्छ.

सरांनी किसनला विचारले, एवढा मोठा गोल असताना तू त्या माणसालाच का मारतोस? किसन म्हणाला, "सर, समोर त्योच दिसतो ना. दुसरं हायेच काय तिथं?"

मला वाटले, आता मार बसणार. सरांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. "यहीच तो बात है. जो दिखता उसीकू मारते तुम लोगां." मग त्यांनी आम्हाला समजावले, अर्धे दख्खनीत, अर्धे चौथीच्या पुस्तकातल्या मराठीत. डोळा ज्या वस्तूवर टिकतो, हात चेंडू तिकडेच नेतो. गोलकीपरकडे बघत राहिलात तर चेंडू गोलकीपरला पोचवाल. त्याच्या भोवती जे नाही, ते बघायला शिका. फटका जोराचा असण्यापेक्षा गोलकीपर पाय रोवण्याआधी सुटलेला असला पाहिजे. आणि ज्या कोपऱ्यात मारायचे तो आधी बघून ठेवा. मारताना तिकडे बघितलेत तर त्यालाही कळेल. हे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी त्याचा सारांश दोन शब्दांत केला आणि पुढे वर्षभर ते मैदानाच्या कडेने तेच ओरडत राहिले, "खाली मारो!"

यानंतर जे घडले ते या शहराखेरीज इतरत्र घडले नसते. आम्ही मराठी वर्गातली मुले आज्ञाधारकपणे खाली मारू लागलो. म्हणजे जमिनीलगत. उर्दू वर्गातली मुलेही आज्ञाधारकपणे खाली मारू लागली. म्हणजे रिकाम्या जागेत. आमचे चेंडू गवत कापत जात आणि थेट गोलकीपरच्या बुटांवर थांबत. त्यांचे चेंडू गोलकीपरला चुकवून जात, पण उंचावर जात, आणि पंच धोकादायक खेळाची शिट्टी फुंकत. दोन्ही गटांना वाटे, आपण सरांचे ऐकतो आणि दुसरे ऐकत नाहीत. यावरून डब्यांच्या वेळेला वादही होत.

अखेरीस एक दिवस सर किसनवर चिडले. इतक्या वेळा सांगूनही तू गोलकीपरच्या पायातच का मारतोस, असे त्यांनी विचारले. किसनही वैतागलेला होता.

"तुमीच म्हनले ना सर, खाली मार म्हनून? मंग ह्ये काय वर हाय व्हय?"

सर थांबले. आमच्याकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "खाली म्हणजे?" मी हाताने जमीन दाखवली. उर्दू वर्गातल्या एकाने हवेत दोन्ही हात पसरून मोकळी जागा दाखवली. सरांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिले, एकदा त्याच्या हातांकडे... आणि ते डीच्या रेषेवर बसून इतके हसले की वरच्या वर्गांतली मुले खिडकीत आली. डी म्हणजे गोलासमोरचे ते अर्धवर्तुळ, ज्याच्या आतून मारलेलाच गोल धरला जातो.

हसून झाल्यावर ते उठले, फळीपाशी गेले आणि बराच वेळ चुन्याच्या खुणा बघत उभे राहिले. आमच्या खुणा सगळ्या तळाशी, पण मध्यावर. त्यांच्या थोड्याफार खुणा कडांना, पण फळीच्या वरच्या काठाशी. "मतलब दोनों सही बोले," ते म्हणाले. "इनका खाली और उनका खाली. दोन्ही पाहिजे." गोलकीपरचे हात वर लवकर जातात, पाय बाजूला जायला उशीर लागतो, म्हणून नीचे. आणि तो जिथे आहे तिथे मारून उपयोग नाही, म्हणून रिकामे. जमिनीलगत आणि मोकळ्यात. त्या दिवसापासून आरोळी बदलली. सर एका दमात दोनदा ओरडू लागले, "खाली, खाली!" पहिले मराठीतले, दुसरे उर्दूतले. मी पुढे वकिली केली, कायद्याच्या भाषेत एकेका शब्दाच्या दोन अर्थांवरून माणसे उद्ध्वस्त होताना पाहिली. दोन्ही अर्थ एकाच वेळी पाळल्याने कोणी जिंकल्याचे मला ठाऊक असलेले उदाहरण हे एवढेच.

जिंकलो, हे खरे आहे. पुढच्या हिवाळ्यात छावणीचा संघ पुन्हा आमच्या मैदानावर आला. सामना बरोबरीत होता. चेंडू डीमध्ये किसनकडे आला आणि आम्ही सवयीने डोळे मिटण्याच्या बेतात होतो. गोलकीपर काठी उजव्या हातात धरतो. त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे मारणाऱ्याच्या उजवीकडे, जमिनीलगत त्याला फक्त पायावर भिस्त ठेवावी लागते. आमच्या फळीवर तिथे "तारीख" लिहिलेली होती. किसनने मान खाली ठेवली, डावीकडे मारणार असा खांदा वळवला आणि निम्म्याच जोराने चेंडू उजवीकडे ढकलला. गोलकीपर चुकीच्या पायावर होता. लाकडाचा तो कोरडा आवाज आला... आणि क्षणभर कोणालाच कळले नाही की हा गोल झाला, कारण इतका शांत गोल आम्ही पाहिलेला नव्हता. सरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी किसनला विचारले, "क्या देखा?" किसन म्हणाला, "तारीख. मानूस नाय पाह्यला, सर."

सर निवृत्त झाले, पण मैदानावर येणे थांबले नाही. नवी मुले आली, नंतर मुली आल्या. काठ्या लाकडाच्या होत्या त्या फायबरच्या झाल्या. ती फळी मात्र टिकली. दर उन्हाळ्यात सर तिला काळा रंग देत, आणि ते दोन शब्द स्वतः बारीक ब्रशने पुन्हा पांढरे करत. ज्या मुलींना उर्दू वाचता येत नाही, त्याही आज त्या कोपऱ्याला "तारीख" म्हणतात.

गेल्या घटस्थापनेला गोल निघाले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी खांब नेले आणि फळी कुंपणावर फेकून दिली. मुलींनी ती उचलून सरांच्या घरी नेली. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक बंद भिंत आहे, तिला ती टेकवून ठेवली. गल्ली अरुंद, पाच-सहा पावलांत फटका मारावा लागतो, डी नाही, गोलकीपरला उभे राहायला जागा नाही. सर खुर्ची टाकून बसत आणि चुन्याच्या खुणा वाचत. या मुलींची विभागीय स्पर्धेसाठी निवड झालेली आहे. पावसाळा संपला की सामने आहेत. गोलकीपरसमोर मारल्याशिवाय मोकळी जागा कशी बघायची, हा सरांचा साधा प्रश्न होता. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली आणि पत्रे लिहायला बसलो.

महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी मी शेवटचा त्यांच्याकडे गेलो. नव्या पत्राचा मसुदा मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. त्यात मैदानाच्या मूळ दानपत्राचा हवाला होता, चार कलमे होती, तीनही जबाबदार व्यक्तींचा समाचार होता. सर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले, झोप लागली. पत्र संपल्यावर म्हणाले, "वकीलसाब, ये किसकू भेजते?"

मी जिल्ह्यातल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याचे पद सांगितले.

"और पैले का?"

"त्यांनाच."

"उसके पैले का?"

मी मसुदा मिटला. सर हसले. "किसन बन गया रे तू. सबसे बडा जो दिखता, सीधा उसके पॅड पे मारता. उनका कामच रोकने का है." मी रागावलो. कायद्याने जो सक्षम अधिकारी त्यालाच लिहायचे असते, असे काहीसे बोललो. त्यांनी माझा हात धरला. "जोर तो है तेरा. जोर नक्को बोला क्या मैं? पन खाली कहाँ है, वो देख." मग मोकळी जागा तुम्हीच दाखवा, असे मी म्हणालो. त्यांनी भिंतीकडे बोट केले, जिथे एक मुलगी चेंडू चुन्यात बुडवत होती. "मैं कैसा बोलूँ? बॉल तेरे पास है."

दफनाला किसन सोयगावहून आला होता. आता तोही काठी घेऊन चालतो, पण आधारासाठी. माती देऊन झाल्यावर आम्ही दोघे सरांच्या गल्लीत गेलो. मुली होत्या. ऋतुजाने सराव खरोखरच ठेवला होता. किसन फळीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "गोलाचं काय झालं रं?" मी माझ्या सगळ्या पत्रांचा वृत्तांत त्याला सुरुवातीपासून सांगू लागलो. त्याने मधेच तोडले. "ते राहू दे. खांब कुनाकडं हायेत?"

ठेकेदाराकडे, मी म्हणालो.

"मंग त्याला इचारलं का?"

मी त्याला नोटीस दिली होती. विचारले नव्हते. या दोन क्रियापदांतले अंतर मला इतक्या वर्षांच्या वकिलीत जाणवले नव्हते... पुढच्याच आठवड्यात मी चितेगावच्या रस्त्यावर असलेल्या त्याच्या गोदामात गेलो. तरुण माणूस. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी कागदपत्रांची पिशवी उघडण्याआधीच म्हणाला, "काका, खांब सांभाळून ठेवलेत. या, दाखवतो." ताडपत्रीखाली चारही खांब आणि दोन आडव्या दांड्या होत्या; गंज लागू नये म्हणून तेल चोळलेले. इतके दिवस परत का नेले नाहीत, असे मी विचारले. तो म्हणाला, "मैदानाला कुलूप आहे. संस्थेनं दिवस सांगितला तर फाटक उघडेल, अन् मग मी घेऊन येईन. नोटीस आली, तिला आमच्या वकिलानं उत्तर दिलं. पण मला कुणी विचारलंच नाही हो. तुम्ही फक्त तारीख सांगा. टेम्पो माझा, माणसं माझी."

म्हणून, सुरुवातीला शब्द दिल्याप्रमाणे, ठेकेदाराचे नाव मी जबाबदार व्यक्तींतून वगळतो, आणि त्याला पाठवलेली नोटीस जाहीरपणे मागे घेतो. सरकारी अधिकाऱ्यांनाही तूर्त बाजूला ठेवतो. त्यांचे पॅड त्यांना लखलाभ. दानपत्र, कलमे, खुलासे यांतले काहीही मी आज मागत नाही. राग कमी झाला आहे असे कोणी समजू नये. तो आहे तेवढाच आहे, फक्त आता तो कुठे मारायचा ते मला दिसते आहे.

परवा संध्याकाळी गल्लीत गेलो होतो. सरांची खुर्ची त्यांच्या सुनेने रोजच्या जागी आणून ठेवली होती; तिच्यावर कोणी बसत नाही आणि ती कोणी हलवतही नाही. ऋतुजा नव्या मुलींना शिकवत होती. "खाली, खाली!" ती ओरडली. एका छोटीने विचारले की, ताई, दोनदा का? ऋतुजा म्हणाली, "एक जमिनीचं, एक मोकळ्याचं. दोन्ही पाळायचं." अंधार पडता पडता मुली घरी गेल्या तेव्हा मी फळी जवळून पाहिली. मध्यभाग काळाभोर होता. उजव्या कोपऱ्यात, तळाशी, चुन्याच्या खुणा एकमेकींवर इतक्या दाट पडल्या होत्या की वरचा, सरांनी रंगवलेला शब्द त्यांच्या शिंतोड्यांत मिसळून गेला होता. या मुली तयार आहेत. त्यांच्यासमोर गोल नाही, एवढीच उणीव आहे.

तेव्हा, संस्थेचे सचिव महोदय, माझा आपल्याला एकच प्रश्न आहे. खांब सुरक्षित आहेत, आणणारा तयार आहे, फळी आमच्याकडे आहे, खड्डेसुद्धा आपण तसेच ठेवले आहेत. फाटक कधी उघडणार? उत्तर मला घरच्या पत्त्यावर नको, फोनवर नको, "बघू" या शब्दात तर नकोच. ते वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या सहीने, सर्वांना वाचता येईल असे द्यावे. त्यासाठी फार जागा लागणार नाही. फक्त तारीख लिहावी.